म्युझियममधला गुडघा

जयप्रकाश सबनीस यांना कंपनीने आधी लिस्बनचं ऑफिस देऊ केलं होतं. त्या आशेवर त्यांनी दोन महिने युरोपातल्या जुन्या शहरांवरची पुस्तकं वाचली, बायकोला, हेमाला, जाड तळव्यांचे बूट घेऊन दिले आणि जेवताना तिला चढउतारांच्या गल्ल्यांची वर्णनं ऐकवली. शेवटी ऑर्डर आली ती बहरीनची. त्या रात्री जयप्रकाशांनी बहरीनवरचं मिळेल ते वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "हेमा, मुहर्रक म्हणून एक जुनं शहर आहे तिथे. मोत्यांच्या व्यापाऱ्यांचं. युनेस्कोच्या यादीत आहे." बुटांचे पैसे वाया जाणार नव्हते.

राजधानीजवळच्या सनाबिसला फ्लॅट मिळाला. घडी बसली तशी एका शनिवारी दोघं मुहर्रक बघायला निघाली, बसने. जयप्रकाशांना इथलं ड्रायव्हिंग लायसन्स अजून मिळालं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की शहर कळतं ते पायी चालूनच. हे मत त्यांना लायसन्सची तारीख पुढे गेल्यापासून पटायला लागलं होतं.

हेमाने पनवेलच्या शाळेत वीस-बावीस वर्षं इतिहास शिकवला होता. बदलीसाठी तिने मार्चमध्ये नोकरी सोडली. आता तिला इतिहास शिकवायचं काम जयप्रकाशांनी अंगावर घेतलं होतं, आणि ती वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेल्या इन्स्पेक्टरसारख्या चेहऱ्याने तो ऐकून घेत असे.

बसमधून उतरल्यावर बाजार लागला. हलव्याच्या दुकानात एक माणूस मोठ्या कढईत उलथनं फिरवत होता, केशर आणि वेलदोड्याचा वास रस्त्यावर आला होता. हेमा थांबली.

"येताना," जयप्रकाश म्हणाले. "आधी मोत्याच्या व्यापाऱ्याचं घर, आता त्याचं म्युझियम केलंय. ते दुपारी बंद होतं."

घर जवळच आहे असं फोनवरचा नकाशा सांगत होता. पण गल्ल्या इतक्या अरुंद आणि भिंती इतक्या जवळ की नकाशातला निळा ठिपका मधूनच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचा. चुन्याने सारवलेल्या, समुद्रातल्या दगडाच्या भिंती, वर लाकडी सज्जे, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मोत्यासारखे पांढरे गोळे लावलेले दिव्यांचे खांब.

"अहो, हे दिवे बघा," हेमा म्हणाली. "हे वाट दाखवायलाच लावले असतील. यांच्याच मागे जाऊ या का?"

"तो डेकोरेशनचा भाग आहे. फोन डावीकडे म्हणतोय."

डावीकडे एक न्हाव्याचं दुकान लागलं. थोड्या वेळाने ते पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा न्हावी दारात आला आणि त्याने जयप्रकाशांसाठी खुर्ची झटकून फिरवली. याला दाढी करायची आहे, पण आत यायला संकोच वाटतोय, अशी त्याची समजूत झाली असावी. जयप्रकाश मान खाली घालून झपाझप पुढे गेले.

"त्यालाच विचारलं असतं," हेमा म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? पोचलोच आहोत."

आणि खरंच, वळणावर ते दार होतं. उंच, जुन्या सागवानाचं, नक्षीकाम केलेलं, पितळेच्या फुल्या ठोकलेलं, आणि सताड उघडं. बाहेर चपलांचा ढीग.

"बघ," जयप्रकाश समाधानाने म्हणाले. "बूट बाहेर काढून जायचं. फरशी जपतात."

आत चौक होता. मधोमध बोरीचं झाड, बाजूला खांबांची पडवी. पडवीत एका खाटेवर फुलाफुलांच्या सैल झग्यातली, डोक्यावरून काळी ओढणी घेतलेली एक म्हातारी जपमाळ ओढत बसली होती.

"लाइव्ह एक्झिबिट," जयप्रकाश कुजबुजले. "युरोपात हल्ली असंच असतं. जुन्या वेशातली माणसं बसवतात, म्हणजे वातावरण तयार होतं. तू बोल तिच्याशी, मी खोल्या बघून येतो." जाता जाता त्यांनी भिंतीला टेकवलेल्या फ्रिजचा फोटो काढला. "बघ, ऐंशी सालचा असेल. काय जपलाय."

फ्रिज घरघरत होता. त्याच्या दारावर पिझ्झाच्या दुकानाचा नंबर असलेलं चुंबक होतं. हेमाने ते पाहिलं, मग दोरीवर वाळत टाकलेले बनियन पाहिले, आणि हे कुणाचं तरी राहतं घर आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने मागे वळून "अहो" अशी हाक मारली, पण अहो आतल्या खोलीत गुप्त झाले होते.

"आओ, आओ," म्हातारी हिंदीत म्हणाली. "इतना देर किया. बैठो."

हेमा खाटेच्या कडेवर बसली. आपण चुकून आलो हे कोणत्या शब्दांत सांगावं याची जुळवाजुळव ती मनात करत होती. तेवढ्यात म्हातारीने झगा वर सारला आणि आपला उजवा पाय उचलून सरळ हेमाच्या मांडीवर ठेवला.

"यहाँ," गुडघ्यावर बोट ठेवून ती म्हणाली. "रात को बहोत दुखता. देखो."

गुडघा सुजलेला होता. हेमाने आयुष्यभर वर्गातल्या पोरांना सांगितलं होतं की खोटं बोलू नये. पण मांडीवर कुणाचा तरी दुखरा पाय असताना "मी ती नव्हे" म्हणणं तिला जमेना. त्यात हा गुडघा तिला ओळखीचा वाटला. सासूबाईंचा शेवटची सहा वर्षं असाच होता, आणि रोज संध्याकाळी तो तिनेच चोळला होता. वाटीवर जोर द्यायचा नाही, मागची शीर मोकळी करायची, मांडीपासून सुरुवात करायची, हे सगळं हातांना पाठ होतं. हात आपले आपण चालू झाले.

म्हातारीने जपमाळ बाजूला ठेवली आणि डोळे मिटले. "अल्ला," ती पुटपुटली. "कहाँ था ये हाथ?"

आतून बोलणं ऐकू आलं. जयप्रकाशांनी एक दार उघडलं होतं, आणि आत हाफ पँटमधला एक धिप्पाड माणूस सोफ्यावर आडवा होऊन फुटबॉल बघत होता. तो म्हातारीचा मुलगा साद. तो जयप्रकाशांना बघून अजिबात दचकला नाही.

"तुम ड्रायव्हर?" त्याने विचारलं. "आओ, बैठो, मॅच देखो. काम होने तक."

चार्टर्ड अकाउंटंट माणसाला हा प्रश्न लागायला हवा होता. पण जयप्रकाश प्रश्नाला नेमकं उत्तर देणाऱ्यांपैकी होते. "नो, नो. आय डोन्ट हॅव लायसन्स येट."

साद उठून बसला. "बिना लायसन्स गाडी चलाके लाया?"

पुढचं हेमाला नीट ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी दारातून एक मल्याळी तरुणी आत आली. पांढरा कोट, खांद्याला बॅग, हातात छोटं यंत्र. "सॉरी मम्मा, ट्रॅफिक," ती म्हणाली, आणि मग तिला खाटेवर आपल्या जागी बसलेली, जाड तळव्यांचे बूट बाहेर काढून आलेली, मोजे घातलेली एक बाई दिसली. क्लिनिकने म्हातारीसाठी पाठवलेली नवी फिजिओथेरपिस्ट ती होती. म्हातारीने तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

साद आणि जयप्रकाश दोघं बाहेर आले. जयप्रकाशांनी हेमाच्या मांडीवरचा पाय पाहिला, पांढरा कोट पाहिला. मग त्यांनी विचारलं, "धिस इज नॉट म्युझियम?"

सादने चौकाकडे, दोरीवरच्या बनियनांकडे आणि आपल्या हाफ पँटकडे बघितलं. "अभी तक तो नहीं," तो म्हणाला.

हेमाने मग सगळं सांगितलं. दार उघडं होतं, नकाशा, दिवे, गैरसमज. तिने माफी मागितली आणि पाय अलगद खाली ठेवायला गेली, तर म्हातारीने तो उचलू दिला नाही. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग ती डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. हसणं ओसरल्यावर तिने फिजिओथेरपिस्टला डावा पाय पुढे केला.

"ये वाला तुम करो," ती म्हणाली. "वो वाला इसका है."

तरुणीने दोन्ही गुडघे तपासले. उजव्याचं काम ठीक चाललंय, फक्त खाली उशी घ्या, असा तिने हेमाला सल्ला दिला. मग एका पायाला यंत्र आणि दुसऱ्याला हेमा, असा कार्यक्रम चौकात बराच वेळ चालला. जयप्रकाश खांबाशी उभं राहून काढलेले फोटो पुसत होते.

जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही, असं म्हातारीने जाहीर केलं. तिला सगळे उम्म साद, म्हणजे सादची आई, म्हणत. मोठ्या थाळ्यात मसाल्याचा भात आला, वर अख्खा हामूर मासा. हा म्हणजे आपला हेकरूच, हे हेमाने पहिल्या घासाला ओळखलं. उम्म सादने हाताने काटे काढून मऊ तुकडे तिच्यापुढे सरकवले.

"हिंदी कहाँ सीखी?" हेमाने विचारलं.

उम्म साद म्हणाली, तिचे वडील मोती घेऊन मुंबईला जात. पुढे मोत्यांचा धंदा गेला तरी मुंबई काही सुटली नाही. ते कापडाचा व्यापार करू लागले. लहानपणी ती दोन वर्षं आईबरोबर तिकडे राहिली होती. खाली इराण्याचं हॉटेल होतं, आणि ती खिडकीतून टोपली सोडून मस्कापाव वर ओढून घ्यायची.

"जपानी कल्चर्ड मोत्यांमुळे धंदा बसला," जयप्रकाशांनी सुरुवात केली. "साधारण एकोणीसशे तीसच्या..."

"तुम था उधर?" उम्म सादने विचारलं.

"नहीं."

"खाना खाओ."

जयप्रकाशांनी भात खाल्ला. हेमा विचारत राहिली. बोटीला किती दिवस लागायचे, आई कुणाशी बोलायची, परत आल्यावर काय आठवायचं. वर्गात ती पोरांना जे प्रश्न विचारायला शिकवत असे तेच ती आज कित्येक महिन्यांनी स्वतः विचारत होती, आणि उत्तर देणारी बाई समोर काटे वेचत बसली होती.

उन्हं उतरल्यावर साद त्यांना खऱ्या म्युझियमपर्यंत सोडायला आला. ते पलीकडच्याच गल्लीत होतं आणि बंद झालेलं होतं. "कोई बात नहीं," साद म्हणाला. "अंदर खाना भी नहीं मिलता."

मंगळवारी जयप्रकाश ऑफिसला गेल्यावर हेमा एकटीच मुहर्रकला गेली. तिने तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवून बाटली भरून नेली होती. उम्म साद पडवीतच होती. तिने बाटलीचं बूच काढून वास घेतला, नाक मुरडलं, आणि बाटली खाटेखाली सरकवून दिली.

"घुटना आज ठीक है," ती म्हणाली. "आज बात करो. तुम्हारा सास कैसा था, अच्छा या खराब? सच बोलो."

हेमाने मोजे काढले, पाय वर घेऊन खाटेवर मांडी घातली आणि खरं सांगायला सुरुवात केली.