पत्रिकेखालची बारीक ओळ

"सी ड्राइव्हमधे काईच नाई, उडव," असं सकाळी प्रभाकररावांनीच सांगितलं होतं. आता दुपारी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसलं, जुन्या पत्रिकांच्या मॅटरची पहिली फाइल उघडली, तर पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी.

"मामाजी, तुमचा मराठी फॉन्ट सीमधेच होता," त्यांची सून हर्षा हळूच म्हणाली. "मॅटर वाचलं. अक्षर गेलं."

कारंज्यात हायवेच्या कडेला वीस वर्षं लग्नपत्रिका जुळवणाऱ्या माणसाने अक्षरच पुसून टाकावं! फॉन्ट देणाऱ्या नागपूरवाल्याने कधीच दुकान गुंडाळलं होतं. प्रभाकरराव मनातून खचले, पण दोष कोणाला देणार? विंडोज सुरू व्हायलाच अर्धा तास लागायचा आणि मधेच सगळं ठप्प व्हायचं. क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवणारी हर्षा म्हणाली, या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पाठीवर लिनक्सचं हलकं ओझं द्या, चालेल. पेनड्राइव्ह त्याला ओळखू येईना, तर बिचारीने डीव्हीडी करून आणली.

बाकावर जुने गिऱ्हाईक नानाजी बसले होते. नातवाचं लग्न ठरलं होतं.

"मले नावं आठोत नाई. पोरीच्या लग्नाची पत्रिका आहे ना तुमच्यापाशी, दोन हजार अकराची? तेच नावं टाका."

नावांचा क्रम म्हणजे पोरखेळ नव्हे. चुलत्याच्या आधी मावसा छापला गेला, की मांडवात एक घर फुगून बसतं. त्या वेळी नानाजींच्या थोरल्या भावाने चार दिवस डोकं घालून तो क्रम लावला होता. आता भाऊ नव्हता आणि पत्रिकेची एक प्रतही घरात उरली नव्हती.

"गेलं म्हना सारं," नानाजी उठले. "आर्वीले पाह्यतो कोनी."

"बसा," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, दोन हजार अकराची ती फाइल उघडली आणि खिचडीकडे बघत राहिले. टेबलावर बोटं हलू लागली. आठ वर्षं ते एकटेच टाइप करत होते. कोणत्या बटणावर कोणतं अक्षर यायचं ते हातात मुरलं होतं.

"लिही हर्षा. जयवंता... मंग ओमप्रकाश..."

"तुम्हाले वाचता येऊन राह्यलं हे?"

"डोयाले नाई येत. बोटाले येते."

नानाजी परत बसले. प्रभाकरराव एकेक नाव सोडवत होते, हर्षा नव्या अक्षरांत टाइप करत होती आणि नानाजी मधेच म्हणत होते, "याच्या आंधी स्व. लाव, बाई." बारा नावांत सात स्व. झाले. थोरल्या भावाचं नाव आलं तेव्हा नानाजींनी नुसता हात हलवला. हर्षाने न विचारता लावलं.

"झालं," प्रभाकरराव म्हणाले. पाठ आखडली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"खाली अजून एक ओळ आहे, बारीक," हर्षाने दाखवलं.

प्रभाकररावांची बोटं पुन्हा टेबलावर हलली.

"ते नानाजीच्या घरचं नोहे. 'अक्षरजुळणी, सौ. प्रमिला' आहे ते. तवा तुही सासू टाइप करे."

सासूला हर्षाने फोटोतच पाहिलं होतं. तासभर स्व. लावणारी तिची बोटं थांबली.

"काय लिहू, मामाजी?"

नानाजी बाहेर हायवेवरच्या ट्रककडे पाहू लागले.

"काई नोको लिहू. तिले हात नोको लावू," प्रभाकरराव म्हणाले. "हाये तशी राहू दे."

आठवड्याभरात पत्रिका वाटल्या गेल्या. नावांवरून कोणी रुसलं नाही. तळाशी इंग्रजी अक्षरांची, काहीच अर्थ न लागणारी एक बारीक ओळ होती. प्रेसचा काहीतरी नंबर असेल, असं लोकांना वाटलं.