माशाचं तेल, रानची अळंबी

“मासा अंधारात ऱ्हातो म्हनून त्येच्या तेलानं अंधारात दिसतं, असं तुमीच म्हनलात न्हवं?” शांतम्मानं अळंबीच्या कालवणाची वाटी नातीपुढं सरकवली. “मग ही बी झाडाखालच्या अंधारातच उगवती की.”

ताहेराबीनं कपाळाला हात लावला. मुरुमच्या सरकारी दवाखान्यातली ही नर्स आठवडाभर या घरी खेटे घालत होती. नात निलव्वाला दिवेलागणीनंतर दिसेनासं व्हायचं. दूध-पालेभाजीवर भागायची वेळ निघून गेली होती. औषध पोटात गेलं नाही तर डोळे कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. औषध म्हणजे शार्क माशाच्या कलेजीचं तेल, जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून येऊ लागलेलं. शांतम्माचं घर लिंगायत, तिथं अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. म्हातारीचं मन वळावं म्हणून ताहेराबीनंच खोल समुद्रातल्या त्या काळ्या माशाची, त्याच्या मोठ्या हिरव्या डोळ्यांची गोष्ट रंगवून सांगितली होती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. मासा काळा, अळंबी पांढरी, पण ऊन दोघांनाही नको, हे म्हातारीनं बरोबर हेरलं.

डोकं भिंतीवर आपटावं असं ताहेराबीला झालं. हे तेल झाडपाल्याचं आहे असं एकदा खोटं बोलून मोकळं व्हावं, हेही मनात आलं. समोर निलव्वा वाटी चाचपडत होती. ताहेराबीला ते खोटं बोलवेना.

“आज्जी, अंधाराचं मी उगीच सांगितलं,” ती चिडूनच म्हणाली. “अळंबीनं पोट भरतं, नजर येत न्हाय. पोरीला जे लागतं ते माशाच्या कलेजीत हाय. आंधळी झाल्यावर मग मला बोलवू नका.”

शांतम्मानं अळंबीची वाटी नातीपुढनं उचलून बाजूला ठेवली. मग तिनं गळ्यातलं लिंग पदराआड घेतलं.

“पाजा. पाप माझ्याकडं. पोरगी तेल घेतीया तवर म्या एकच टाइम जेवीन.”

ताहेराबी त्यावरही भडकली. या वयात उपास कशाला, देवाला दुसरं काम नाही का, असं तिनं खूप सुनावलं. म्हातारी तसूभर हलली नाही.

पुढच्या पंधरवड्यात ताहेराबी नवी बाटली घेऊन आली ती उपासावरून भांडायच्या तयारीनंच. अंगणात अंधारून आलं होतं. निलव्वा भरलेला तांब्या घेऊन आतून अंगणातल्या आजीकडं निघाली, भिंतीला हात न लावता, वाटेत बसलेल्या शेळीला वळसा घालून. शांतम्मानं तांब्या तोंडाला लावला आणि तेवढ्या पाण्यावर रात्रीचं जेवण उरकलं. ताहेराबी बाटली खाली ठेवून म्हातारीच्या शेजारी बसली.