सुरक्षितराव

बेबीनं उभी हयात कॉलेजात इतिहास शिकवला. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी घरात ती बेबीच राहिली. तिचे वडील युद्धाच्या काळात सरकारी रेडिओवर बातम्या वाचायचे. शत्रूची विमानं डोक्यावर घिरट्या घालत असताना त्यांच्या तोंडी रोज एकच वाक्य दिलेलं असे: "शहर सुरक्षित आहे, नागरिकांनी घरीच थांबावं." मग एका सकाळी गिरणीमागची अख्खी वस्ती बॉम्बखाली बेचिराख झाली. त्यात बाबांचा सख्खा धाकटा भाऊही गेला.

त्यानंतर बाबा माइकसमोर कधी बसले नाहीत. टाइपरायटर दुरुस्त करून त्यांनी संसार ओढला. घरात बोलणं जेमतेम. एखादं गिऱ्हाईक "आवाज ओळखीचा वाटतो हो तुमचा" म्हणालं की काम तसंच टाकून आत निघून जायचे. लोक माझ्यामुळे थांबले आणि माझ्यामुळे मेले, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं, ते काही केल्या निघत नव्हतं.

म्हणून बेबीनं पुस्तकाला तोच विषय घेतला. त्या प्रचाराचा लोकांवर खरंच किती परिणाम झाला? बरोबरचे प्राध्यापक म्हणाले, घरचं प्रकरण आहे, नको हात घालूस. तिनं घातला.

प्रचार खात्याचे अहवाल वाचून वाटावं, सारं शहर रेडिओला कान लावून बसलं होतं. पण ते लिहिणारे आपलीच पाठ थोपटत होते, हे कळायला तिला वेळ लागला नाही. मग तिनं इतर पुरावे धुंडाळले. ज्या वस्त्यांत वीज नव्हती, रेडिओ नव्हता, चौकात बातम्या ऐकवणारे कर्णे नव्हते, तिथलेही लोक थांबलेच होते. रेशन कार्ड शहराबाहेर चालत नव्हतं. गिरणीत खाडा झाला की नोकरी गेली. आगगाड्या फौजेसाठी राखून ठेवलेल्या. माणसं जाणार कुठे आणि खाणार काय? पोलिसांच्या खबऱ्यांनी तर त्याच काळात वर कळवलं होतं, की लोक बातम्यांची टिंगल करतात.

त्या दिवसांतून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना ती भेटली. "रेडिओ? छे! त्यावर कोण विश्वास ठेवतंय!" जो तो हेच म्हणाला. आपण फसलो होतो असं सहजासहजी कुणी कबूल करत नाही, हे बेबी जाणून होती. नुसत्या आठवणींवर ती विसंबली नसती. पण खबऱ्यांनी तेव्हा लिहिलेलं आणि हे आता सांगतायत ते, दोन्ही जुळत होतं.

एका दुपारी तिनं हे सगळं बाबांसमोर मांडलं. "आणि बाबा, लोकांनी तुम्हाला नाव पाडलं होतं, माहितीये? सुरक्षितराव! कुठे भिंत कोसळली की म्हणायचे, सुरक्षितराव येऊन गेले वाटतं."

बाबांना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "सुरक्षितराव! लेकाच्यांनी काय नाव काढलं!" त्या दिवशी ते पोटभर जेवले. हात पुसत म्हणाले, "काकूला सांगून ये. तिलाही कळू दे."

काकू म्हणजे त्या गेलेल्या भावाची बायको. ती आपल्या लेकीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. सणावाराला भेटायची, सगळ्यांची विचारपूस करायची, पण त्या सकाळबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. बेबीचं बोलणं होईपर्यंत ती भांडी घासत राहिली. शेवटचं पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "खरं आहे तुझं. आमच्या इमारतीत कुणी नव्हतं ऐकत. सगळे नाइलाजानं राहिलेले. आमचा मात्र नाइलाज नव्हता गं."

"म्हणजे?"

"माझ्या भावानं गावाहून दुधाची गाडी पाठवली होती, आम्हाला न्यायला. बोचकी बांधून मी दारात उभी. तुझे काका म्हणाले, दादा सांगतोय ना, घरी थांबा म्हणून? सरकार खोटं बोलेल, आमचा दादा नाही बोलायचा. गाडी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन पाण्याला गेले होते, म्हणून आम्ही दोघी उरलो."

"काकू, तू कधी बोलली नाहीस हे."

"कुणाला सांगू? तुझ्या बाबांना? कसेबसे जगतायत, जगू दे म्हटलं."

बेबी घरी आली तर बाबा दारातच. "काय म्हणाली?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"बेबी, तुला खोटं बोलता येत नाही. माझ्यावर नाही गेलीस तू."

मग तिनं सांगितलं. बाबा खुर्चीवर बसले. म्हणाले, "म्हणजे परिणाम झाला."

"एका माणसावर, बाबा."

"हो. माझ्याच माणसावर."

संपादकानं काकूची साक्ष गाळायला सांगितली. एकीच्या सांगण्यावरून काही सिद्ध होत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. बेबीनं निष्कर्ष बदलला नाही. प्रचार फसला, लोक थांबले ते पोटासाठी आणि धाकापायी, असंच लिहिलं. त्याखाली काकूचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलं. पुस्तक आलं, बाबांनी ते हातात घेतलं नाही.

त्यांनी काकूला बोलावून घेतलं. ती आली, समोर बसली, म्हणाली, "मी तुम्हाला दोष देत नाही."

"दे," बाबा म्हणाले. "कुणीतरी द्यायला हवा."

काकू पिशवी उचलून उठली. उजेड आहे तोवर तिला घर गाठायचं होतं. बेबी तिला बसपर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा बाबा त्याच खुर्चीत, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले होते.