येऊन राहिले

तिच्या येण्याची वर्दी आधी जिना देत असे. एक पायरी सोडून एक चढण्याची तिची सवय. पावलांचा नाद घाईघाईने वर येई आणि पाठोपाठ दारात तहसीन उभी राही. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात तिच्या ओढणीवरचे कापसाचे तंतू लख्ख दिसत. बाळापूरला तिचे अब्बा कापूस पिंजून गाद्या भरतात. सोमवारी घरून अमरावतीला परतताना ती आपलं घर असं अंगाखांद्यावर घेऊन यायची आणि मी ‘झटक ते’ म्हटलं की म्हणायची, “राहू द्या ना मॅडम, अब्बाची सही हाये ते.”

पत्रकारितेच्या आमच्या वर्गात बोलणारे पुष्कळ होते. ऐकणारी ही एकच. समोरचा माणूस बोलू लागला की तिची मान किंचित कलायची, भुवया वर जायच्या आणि ओठ त्याचेच शब्द नि:शब्दपणे पुन्हा उच्चारत राहायचे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू असतानाही हातातल्या वहीत ती माणसाचं वाक्य त्याच्या उच्चारासकट उतरवून घेई. बातमी सापडली की तिला एका जागी बसवत नसे. अशा वेळी ती खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घाली आणि आम्हा सगळ्यांनाच उगाच घाई झाल्यासारखं वाटे.

मी पुण्याची. अमरावतीत येऊन तेव्हा सहाच महिने झाले होते आणि शुद्ध मराठी शिकवण्याची खुमखुमी अंगात भरपूर होती. आमच्या वर्गाचं पाक्षिक निघायचं, ते आसपासच्या तालुक्यांच्या सरकारी कचेऱ्यांमध्येही जायचं. त्यात तहसीनच्या नावाची पहिली बातमी लागणार होती. बाळापूरजवळच्या एका गावात जाऊन तिने पाणी, रस्ता, शाळा, आरोग्य केंद्र असं सगळं लिहून आणलं होतं. सुभद्राबाई नावाच्या बाईंच्या सुनेचे दिवस भरत आले होते. त्यांचं एक वाक्य तिने अवतरणात दिलं होतं: “पोळ्यापासून डाक्टर येऊन राहिले.”

जागा कमी होती. मी बातमी निम्मी केली, ते वाक्य ‘पोळ्यापासून डॉक्टर येऊन राहिले आहेत’ असं शुद्ध करून घेतलं आणि वर ठसठशीत मथळा दिला: ‘आरोग्य केंद्राला मिळाले डॉक्टर’. पानं छापखान्यात पाठवली आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

दुपारी तिने माझ्या टेबलावर पानाची प्रत पाहिली. तिचा चेहरा असा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

“हे काहून बदललं तुमी?”

“अगं, डॉक्टर येऊन राहिलेत ना तिथे?”

“नाई मॅडम! येऊन राहिले म्हंजे अजून आलेच नाई, वाटेतच हायेत! केंद्रावरचा मानूस पोळ्यापासून तेच सांगून राहिला त्यायले. आता हे छापलं तर कोन धाडते डाक्टर? त्या बाईनं माह्या हाताले धरून सांगतलं, माह्यं बोलनं हाय तसंच छापजो वं माय. मी हो म्हटलं होतं.”

माझ्या मराठीची सारी ऐट त्या एका क्रियापदापाशी गळून पडली. गावाच्या चार महिन्यांच्या तक्रारीची मी आनंदवार्ता करून टाकली होती.

छापखाना फोन उचलेना. मग तिच्या स्कूटीवर मागे बसून, ओढणीचं टोक तोंडावर फडफडत असताना, मी राजकमल चौकातली गर्दी डोळे मिटून पार केली. भीती वाटत होती आणि, खरं सांगते, मजाही येत होती. कित्येक वर्षांत कुठल्या शब्दासाठी मी अशी धावले नव्हते.

प्लेट यंत्रावर चढलेली. तहसीन दारातूनच ओरडली, “काका, थांबवा! खोटं छापून राहिले तुमी!”

“मी काहून खोटं छापू वं बाई?” छापखान्याच्या काकांनी यंत्राच्या बटणावरचा हात मागे घेतला.

खोटं माझं होतं, हे मी त्यांना सांगितलं. मग तिथेच स्टुलावर बसून तिने मथळा बदलला: ‘पोळ्यापासून डॉक्टरांची वाटच’. सुभद्राबाईंचं वाक्य पुन्हा मूळ रूपात बसवलं आणि त्याचा अर्थ शेजारी कंसात लिहिला, माझ्यासारख्यांसाठी. नवी प्लेट चढली, यंत्र धडधडू लागलं आणि ओल्या शाईचा पहिला कागद दोन्ही हातांत धरून ती अक्षरशः नाचली. मीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवर बातमी वाचून दाखवली. पलीकडून सुभद्राबाई एवढंच म्हणाल्या, “हो वं माय, मीच बोलून राहिली हे.” सून बाळंत होण्याआधी डॉक्टर आले. ते बातमीमुळेच आले असं मी चारचौघांत सांगू लागले, तेव्हा तहसीननेच मला अडवलं. पुरावा नाही म्हणाली.

आता ती अकोल्याला एका दैनिकात आहे आणि दुपारचा वर्ग मला फार शांत वाटतो. वर्षं सरतात तसे विद्यार्थ्यांचे चेहरे माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून जातात. तिचा मात्र मिसळत नाही, कारण त्या दुपारी विद्यार्थिनी मी होते.