बर्फावरून आलेला ताप

ओरा आणि झेएव स्कीइंगच्या सुट्टीवरून परत आले तेव्हा १९६३ सालचा फेब्रुवारी सरत आला होता. ओराचा चेहरा उन्हाने तांब्यासारखा झाला होता आणि डोळ्यांभोवती चष्म्याची दोन पांढरी वर्तुळं राहिली होती. जिन्यातच तिने त्सिलाला उचललं आणि हसत म्हणाली, "बघ, तुझी आई घुबड झाली."

जेमायमा चौलकर दारात उभी होती. तेल अविवच्या या घरात ती चार वर्षं कामाला होती. रोज सकाळी पेताह तिक्वाहून बसने यायची, स्वयंपाक, कपडे, झाडलोट करायची, सहा वर्षांच्या त्सिलाला सांभाळायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. या खेपेला मात्र नवराबायको तीन आठवडे बाहेर, म्हणून ती पोरीपाशीच राहिली होती. ओरा तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. हिब्रूत अहो-जाहो नसतंच, त्यामुळे दोघी एकमेकींना नुसत्या नावाने हाक मारत. सुरुवातीला मालकिणीला 'ओरा' म्हणताना जेमायमाची जीभ अडखळायची. पुढे सवय झाली.

मुंबईत ती नर्स होती. तापाच्या इस्पितळात अकरा वर्षं काढलेली. हिंदुस्तानातल्या इतर ज्यूंबरोबर या देशात आल्यावर तिची सर्टिफिकिटं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली आणि दर वेळी 'उत्तर येईल' एवढंच कळायचं. नवरा नाथान संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये होता. हंगाम संपला की ते कामही संपायचं. शेवटी तिने सर्टिफिकिटं पेटीत ठेवली आणि घरकाम धरलं.

झेएव यंत्रांच्या व्यापारात होता. कामासाठी त्याला झुरिकला जायचं होतं, तेव्हा ओराने हट्टच धरला होता. तिने आयुष्यात बर्फ एकदाच पाहिलं होतं, लहानपणी यरुशलेमला, तेही दुपारपर्यंत वितळलेलं. आता तिला ते पोटभर पाहायचं होतं. आल्यावर दोन दिवस ती दुसरं काही बोललीच नाही. आल्प्समधलं ते गाव इतकं उंचावर की पहिले दोन दिवस जिना चढतानाही धाप लागायची. तारेवर लोंबकळणाऱ्या खुर्चीत बसून डोंगरमाथ्यावर जायचं, आणि मग पायांना लांब फळ्या बांधून खाली घसरत यायचं. पहिल्या आठवड्यात ती नुसती पडली. दुसऱ्या आठवड्यात वळायला शिकली. तिसऱ्यात मास्तर म्हणाला, आता भीती गेली तुझी.

"आणि पाणी, जेमायमा! संध्याकाळी फळ्या काढून दाराशी टेकवल्या की मी आधी नळाला तोंड लावायची. दात कळायचे इतकं थंड. झेएव बिअर पीत बसायचा, मी पाणी."

"जेवण कसं होतं?" जेमायमाने विचारलं.

"छान. शेवटी शेवटी मात्र अर्धी टेबलं रिकामी. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाचं डोकं दुखतंय. हॉटेलवाला म्हणाला, उंचीमुळे होतं असं."

जेमायमा तेव्हा त्सिलाचे मोजे दुमडत होती. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ओरा आडवी झाली. डोकं दुखतंय म्हणाली, जेवण नको म्हणाली. डॉक्टर आला, घसा पाहिला, फ्लू म्हणाला, पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन गेला. जेमायमाने त्सिलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर ताप लिहायला घेतला. तो पायरी पायरीने चढत होता. सकाळी थोडा उतरायचा, संध्याकाळी कालच्याहून वर जायचा. चौथ्या दिवशी तिने ओराचं मनगट धरलं. हाताला चटका बसावा असा ताप आणि नाडी मात्र संथ. जिभेवर पांढरा थर, कडा लाल. असा ताप तिने वॉर्डात शेकड्यांनी पाहिला होता. सातव्या दिवशी अंग पुसताना ओराच्या पोटावर चारपाच गुलाबी ठिपके दिसले. बोटाने दाबले की नाहीसे होत, बोट उचललं की पुन्हा उमटत.

तिने त्या दिवसापासून ओराची भांडी वेगळी केली, चादरी उकळायला लावल्या, संडासात ब्लीचिंग पावडर टाकली आणि त्सिलाला त्या खोलीच्या उंबऱ्यापाशीही येऊ दिलं नाही. मग डॉक्टरला गाठून म्हणाली, "हा टायफॉईड आहे."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "तू इथे काय करतेस?"

"घरकाम."

तो हसला. पण जाता जाता पुन्हा खोलीत गेला, ओराचं पोट पाहिलं आणि हसू आवरून रक्त काढून घेतलं. दोन दिवसांनी निकाल आला. टायफॉईडच होता.

"बरं झालं लवकर कळलं," डॉक्टर झेएवला म्हणाला. जेमायमा तिथेच उभी होती, तिचं नाव त्याने घेतलं नाही. "याच्यावर आता चांगल्या गोळ्या आहेत. इस्पितळात हलवू."

पण ओराची आई, योखेवेद, आदल्या दिवशीच राहायला आली होती. तिचा नवरा इस्पितळात गेला होता तो परतला नव्हता. मुलगी घरातून हलणार नाही म्हणून ती अडून बसली, आणि डॉक्टरने मान तुकवली. मग त्याने विचारलं, "हे आलं कुठून? घरात बाहेरचं कोण येतं?"

"आम्हीच युरोपातून आलोय," झेएव म्हणाला.

"स्कीइंगच्या गावातून टायफॉईड येत नाही." डॉक्टर जेमायमाकडे वळला. "तू कुठली?"

"हिंदुस्तानातली. पण मला इथे येऊन नऊ वर्षं झाली. ओरा तिथलं नळाचं पाणी प्यायली होती. हॉटेलात बाकीचेही आजारी होते, तिनेच सांगितलं मला."

"तिथलं पाणी म्हणजे वितळलेलं बर्फ," डॉक्टर म्हणाला. "हा रोग अंगात ठेवून माणसं वर्षानुवर्षं धडधाकट फिरतात, हे तुला ठाऊक असेलच."

ठाऊक होतं.

योखेवेदने दुपारीच तिला दाराशी बोलावलं. हातात जेमायमाची पिशवी होती, त्यात तिचा एप्रन आणि चपला कोंबलेल्या होत्या. स्वयंपाकघरात ओट्यावर तांदळाची पेज निवत ठेवली होती. योखेवेदने जेमायमाच्या देखत ते पातेलं मोरीत उपडं केलं.

"तुझे हात आता या घरात कशाला लागायला नकोत," ती म्हणाली. ओरडली नाही. थकलेली होती, डोळे सुजलेले होते. "माझी एकच मुलगी आहे."

झेएव मागे भिंतीला टेकून उभा होता. तो खाली पाहत राहिला.

जेमायमाला एक वाक्य सांगायचं होतं. मुंबईच्या वॉर्डात प्रत्येक टायफॉईडच्या पेशंटच्या नातेवाइकांना ती ते सांगायची, दिवसातून दहादा, पाठ झालेलं: गोळ्यांनी ताप उतरेल, मग भूक लागेल, पेशंट रडून खायला मागेल, पण आतडी आतून चाळणीसारखी झालेली असतात, पंधरा दिवस पातळाशिवाय काही देऊ नका. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. मोरीतून पेज गळतानाचा आवाज येत होता. तिच्या मनात आलं, यांचा डॉक्टर आहे ना, तो सांगेल. विचारू दे त्याला.

"बरं," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन जिना उतरली.

दुसऱ्याच दिवशी आरोग्यखात्याचा माणूस पेताह तिक्वाच्या घरी आला. जेमायमाला आणि नाथानला झाकणाच्या डब्या दिल्या, तीन दिवस सकाळी शौचाचे नमुने द्यायला सांगितलं. शेजारणीने आपल्या पोरांना हाका मारून आत घेतलं. पॅकिंगच्या मुकादमाने नाथानला कळवलं, निकाल येईपर्यंत संत्र्यांना हात लावू नकोस. त्या वर्षी हिंदुस्तानातून आलेल्या त्यांच्या समाजातलं कुणी लग्न नोंदवायला गेलं की, हे खरे ज्यू आहेत का म्हणून, आई कोण, आजी कोण, पणजी कोण, अशी चौकशी होत होती. नाथान डबीकडे पाहत म्हणाला, "आज्या झाल्या तपासून. आता हे राहिलं होतं."

जेमायमा हसली नाही. तिने त्याला ते न बोललेलं वाक्य सांगितलं.

"मग फोन कर," नाथान म्हणाला. "वाण्याकडे आहे फोन."

"डॉक्टरने सांगितलं असेल."

"असेल. तरी कर."

ती वाण्याच्या दुकानापर्यंत गेली. तिथे दोन बायका पावासाठी उभ्या होत्या. तिला पाहून जरा सरकल्या, रस्ता द्यावा तशा. ती साबणाची वडी घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशीही गेली. फोनमध्ये टाकायचं टोकन हातात धरून उभी राहिली, आणि तिला योखेवेदचा आवाज ऐकू येऊ लागला. अजून फोन लावलाही नव्हता. ती परतली. स्वतःशी म्हणाली, मी चार वर्षं त्या घरात होते, त्यांना एकदा मला विचारावंसं वाटलं नाही?

पाचव्या दिवशी तिने नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. टोकन परत पडलं. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेच. आजारी माणसाच्या घरात फोन उचलायलाही कुणी नाही, याचा अर्थ तिला वॉर्डातल्या अनुभवाने लगेच कळला. तरी ती सहाव्यांदा फिरवेपर्यंत थांबली नाही. वाण्याने शेवटी फोन आपल्याकडे ओढून घेतला.

सकाळी ती पहिल्या बसने तेल अविवला गेली. समोरच्या सीटवरच्या माणसाने पेपर उघडला होता. आल्प्समधल्या स्कीइंगच्या गावात टायफॉईडची साथ, निरनिराळ्या देशांतले पाहुणे घरी गेल्यावर आजारी, नळाच्या पाण्याचा संशय, हॉटेलं बंद. ती हळूहळू हिब्रू अक्षरं जुळवत वाचत गेली. सगळं वाचून झालं तरी तिला हायसं वाटलं नाही. इमारतीपाशी पोचली तर फाटकाजवळच्या भिंतीला माणूस गेल्याचं कळवणारा काळ्या चौकटीचा कागद चिकटवलेला होता. त्यावर ओराचं नाव होतं. खळ अजून ओली होती.

वरच्या मजल्यावरची बाई कचरा टाकायला खाली आली. तिने सांगितलं: गोळ्यांनी ताप झपाट्याने उतरला होता. ओरा उठून बसली, हसली, भूक लागली म्हणाली. आईने आनंदाने कोंबडी केली, काळा पाव आणला, समोर बसून खाऊ घातलं. दोन दिवस सगळं ठीक. मग अचानक पोटात कळ आली, पोट फळीसारखं ताठ झालं. इस्पितळात नेलं, पोट उघडलं. आतडं फुटलं होतं.

जेमायमा वर गेली नाही.

नमुन्यांचे निकाल आले. दोघांच्याही अंगात काही नव्हतं. नाथान पुन्हा कामावर गेला. शोकाचे सात दिवस संपल्यावर झेएव पेताह तिक्वाला आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची कॉलर रिवाजाप्रमाणे फाडलेली. नाथानने त्याला खुर्ची दिली. जेमायमाने चहा ठेवला, तो त्याने प्यायला नाही.

"त्सिला रोज तुझं विचारते," तो म्हणाला. "तिला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाला, भांडी नि चादरी ज्याने वेगळ्या ठेवल्या त्याचे उपकार. मला लष्करात लस टोचली होती, म्हणून मी वाचलो. तुझ्यावर आम्ही अन्याय केला, जेमायमा. परत ये."

नाथान तिच्याकडे पाहत होता. गप्प राहा, असं तो नुसत्या नजरेने सांगत होता.

"डॉक्टरने खाण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं?" तिने विचारलं.

"हलकं द्या म्हणाला होता. माझ्या सासूला कोंबडी हलकीच वाटते."

"मला माहीत होतं," जेमायमा म्हणाली. "काय द्यायचं नाही, किती दिवस द्यायचं नाही, सगळं. त्या दिवशी दारात उभी होते तेव्हा सांगायचं होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

"राग आला होता."

झेएवने चहाचा कप जरा दूर सारला. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. मग तो म्हणाला, "सांगितलं असतंस तरी तिने ऐकलं नसतं."

"कदाचित नसतं. पण तू तिथे होतास. तू ऐकलं असतंस."

तो उठला. जिना उतरून गेला. त्सिलाचं नाव पुन्हा निघालं नाही. नाथान कितीतरी दिवस तिच्याशी तुटक बोलत होता. "खरं बोलायला वेळ बरी निवडलीस," असं एकदाच म्हणाला.

दुसऱ्या वर्षी, १९६४च्या हिवाळ्यात, नाथानला बेर्शेबाच्या एका कारखान्यात बारमाही काम मिळालं आणि ते तिकडे गेले. जेमायमाला तिथल्या इस्पितळात सफाईचं काम लागलं. दोन महिन्यांतच मोठ्या नर्सच्या लक्षात आलं की ही बाई चादर बदलताना पेशंटला कसं कुशीवर घेते, थर्मामीटर कसा झटकते. तिने एका सकाळी जेमायमाला बाजूला घेतलं. कुठे शिकलीस, कागद आहेत का, असतील तर आण, मी स्वतः खटपट करते, आम्हाला माणसं हवीत, असं म्हणाली. नऊदहा वर्षं जेमायमा ज्या वाक्याची वाट पाहत होती, ते असं सहज समोर आलं.

"कागद नाहीत," जेमायमा म्हणाली. सर्टिफिकिटं घरी पेटीत तशीच होती, आणि ओराच्या दारात न बोललेलं ते वाक्यही अजून पाठ होतं. तिने बादली उचलली आणि पुढच्या खोलीची फरशी पुसायला गेली.