शिवणाच्या दोऱ्यानं ओढलेली पेटी

“रुको, अभी नहीं! पहले बताओ, धागा टूटेगा या पेटी हिलेगी?”

“टूटेगा!” सातवी ब एका सुरात ओरडली.

लाकडी पेटीत समता बसली होती, वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. पेटीच्या कडीला शिवणाचा पांढरा दोरा चौपदरी करून बांधला होता. जयेशनं तो ओढला. दोरा तुटला, पेटी हलली नाही. वर्ग खिदळला.

प्रश्न विचारणाऱ्या इंदुमती गजभिये शिक्षिका नव्हत्या. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी शाळेत बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धूत होत्या. नागपूरला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं, लग्न ठरलं, आणि शिक्षण तिथंच थांबलं. गेल्या महिन्यात विज्ञानाच्या लतिका मॅडम जास्त पगारावर गुडगावच्या नव्या खासगी शाळेत गेल्या. “नयी टीचर आने तक बच्चों को बस चुप बिठाइए,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या होत्या.

दोन दिवस इंदुमतींनी गप्प बसवलं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. कपाटाची फळी विटांवर तिरकी टेकवली आणि कधी काचेवरून, कधी सँडपेपरवरून काडेपेटी सोडली.

“अहो, काय ओरडली पोरं!” घरी गेल्या गेल्या त्या नवऱ्याला सांगू लागल्या. “काचेवरून सुर्रकन खाली, आणि सँडपेपरवर हलायलाच तयार नाही. घर्षण काय ते बोटांनी चाचपून बघत होती!”

शंकरराव गुडगावच्या नव्या इमारतींत वायरिंगची कामं करत. “बिल्कुल मास्तरीण झालीस तू,” ते हसले. “उद्या काय लागेल?”

“गोल पाईप. एका मापाचे, सात-आठ.”

वायरिंगच्या पाईपचे उरलेले आठ तुकडे त्यांनी आणून दिले. आता दोरा तुटल्यावर चार मुलांनी समतासकट पेटी उचलली आणि इंदुमतींनी ते पाईप तिच्याखाली सारले. पुन्हा तसाच चौपदरी दोरा बांधला.

“धीरे से, जयेश. झटका मत देना.”

पेटी हलली. नुसती हलली नाही, चालू लागली. मागं सुटलेला पाईप उचलून मुलं पुढं धावत ठेवत होती. समता दोन्ही हात वर करून किंचाळत होती. इंदुमती बाजूनं धावत होत्या, पदर खोचलेला, आवाज चढलेला. “देखा? अब घिसट नहीं रही, लुढ़क रही है!”

“ये क्या शोर है?”

दारात प्रिन्सिपल मॅडम. इंदुमतींनी खोचलेला पदर सोडला.

“मॅडम, घर्षण... इसी धागे से खिंच रही है.”

“इस धागे से?” मॅडमनी चष्मा सावरला, वाकून जयेशच्या हातातून दोरा घेतला आणि हलकेच ओढला. पेटी त्यांच्याकडं सरकत आली. त्यांच्या तोंडून चक्क “अरे!” निघालं आणि वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला.

“कल मुझे भी बुलाइएगा,” जाताना त्या म्हणाल्या.

त्या रोज आल्या नाहीत, पण तास रोज झाला, पुरे एकोणीस दिवस. मग नवीन बाई, हेमलता मॅडम, रुजू झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या फळ्यावर वेगाचं सूत्र लिहीत होत्या. इंदुमती धुतलेल्या परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन आत आल्या. एकदम बाकांचा खडखडाट झाला. सगळा वर्ग उठून उभा राहिला होता.

प्रिन्सिपल आल्या असाव्यात असं वाटून हेमलता मॅडमनी दाराकडं पाहिलं. तिथं इंदुमतींशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.

“बैठो,” इंदुमती हळूच म्हणाल्या, आणि ट्रे टेबलावर ठेवला.