कोमट

"काटा खोटं बोलायलाय, साहेब." कडुबानं रेडिएटरच्या वरच्या पाइपावर तळहात ठेवला. "पाइप कोमट हाय. इंजिन तापलेलं नाय, सेन्सर गेलाय."

"अहो मिस्तरी, आत्ताच तर नवा बसवलात!" वैजनाथराव डॅशबोर्डकडे बघत म्हणाले. इंजिन चालू होतं आणि तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्टीत गेला होता. त्यांना आईला घेऊन संध्याकाळी घाट उतरून चाळीसगावला जायचं होतं.

"मग नवा बी डुप्लिकेट निघाला. बाजारच तसला."

उस्मानपुऱ्यातल्या त्या गॅरेजात कडुबाचा हात हेच माप होतं. काटा थंडवर अडकला, उगाच नाचू लागला, गाडी काळा धूर सोडून पेट्रोल पिऊ लागली, की तो आधी पाइपाला हात लावायचा. हाताचं आणि काट्याचं जुळलं नाही, की सेन्सर गेला. "काटा काय बघता, कडुबाला विचारा," असं गिऱ्हाइकंच एकमेकांना सांगत.

त्याची मुलगी करुणा डबा घेऊन आली होती. वडिलांचा हात अजून पाइपावरच आहे, हे तिला दिसलं. तिनं शेजारी बोट टेकवलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"आबा, हात काढा! भाजायलंय!"

"कुठं? कोमट तर..."

तिनं त्याचा हात ओढून उलटा केला. तळवा लालभडक झाला होता. करंगळीखाली फोड धरत होता.

कडुबा त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिला. साखरेच्या आजारानं पायाची बोटं बधिर झालेली त्याला माहीत होती. चप्पल निसटली तरी कळत नसे. हात मात्र त्यानं कधी तपासला नव्हता. तपासणार तरी कशानं?

त्यानं इंजिन बंद करायला लावलं. समोरचा, इंजिन गार करणारा पंखा इतका वेळ फिरलाच नव्हता. इंजिन थंड आहे म्हणूनच तो फिरत नाही, असं तो आतापर्यंत धरून चालला होता.

"साहेब, गाडी घाटात नका नेऊ. पंखा बंद हाय. काटा खरा बोलतोय."

"म्हणजे जुना सेन्सर चांगला होता?"

"व्हय. लई चांगला."

गेल्या आठवड्यात भाड्याची जीप चालवणाऱ्या आकाशचा काटाही असाच चढला होता. पाइपावर हात ठेवून कडुबानं त्याला, "बिनघोर जा," म्हणून सांगितलं होतं. कन्नडच्या घाटात इंजिन जाम झालं. जीप ओढून आणली तेव्हा कडुबानंच चारचौघांत त्याला झापलं, "पाणी बघायला काय झालतं रे, आंधळ्या?" पाणी बघितलं होतं, एवढंही आकाश बोलला नव्हता.

"करुणा, आकाशला फोन लाव."

"काय सांगू?"

"तू नको. मी सांगतो."

फोनची रिंग वाजत राहिली. तेवढ्यात टपरीवरचा चहा आला. सवयीनं कडुबाचा हात काचेच्या ग्लासाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"बघ गं," तो म्हणाला, "गरम हाय का?"